तिसऱ्या चावीची माणसं

"बाई, ही तर समदी माझी माणसं हायेत की!"

हणमंतअण्णा माझ्या टेबलापुढे उभे होते आणि माझ्या यादीवर उलट्या बाजूनं बोट फिरवत होते. माझ्या कागदांना कुणी हात लावलेला मला खपत नसे. त्यात त्यांच्या बोटाला ग्रीस.

"अण्णा, आधी बोट उचला. तुमची माणसं म्हणजे काय?"

"ह्यो दगडू पवार बघा. ह्याच्या नळाला मीच चार डाव वायसर घातलाय. ही कांबळ्याची सून. ह्यो देसाई मास्तर, पाणी पाच मिन्टं उशिरा आलं की दारात हुबा. समदी माझ्या तिसऱ्या चावीची. एक बी भाईरचं न्हाई."

ती यादी काविळीच्या पेशंटांची होती.

मी तेव्हा नगरपालिकेत सांख्यिकी सहायक होते. पद ऐकायला मोठं, काम एकच: सगळ्या खात्यांकडून आकडे गोळा करायचे आणि तक्ते करून जिल्ह्याला पाठवायचे. गावाचं नाव सांगत नाही, त्यातली बरीच माणसं अजून तिथं राहतात. एकतीस वर्षांची होते, आणि माझ्यासारखा तक्ता आख्ख्या जिल्ह्यात कुणी करत नाही अशी घमेंड होती. जिल्ह्याहून शाबासकीचं पत्र आलं होतं, ते मी टेबलाच्या काचेखाली सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं.

हणमंतअण्णा लोहार पाणीपुरवठ्याकडे चावीवाले होते. जमिनीतल्या व्हॉल्व्हला आमच्याकडे चावी म्हणतात. गावात अशा नऊ चाव्या. एकेक फिरवली की ठरावीक गल्ल्यांना पाणी सुटायचं. तेवीस वर्षं अण्णा त्या फिरवत होते, पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. त्या दिवशी ते माझ्याकडे रजेचा अर्ज लिहून घ्यायला आले होते. त्यांची एकुलती एक मुलगी शालन, तिला पहिल्या बाळंतपणासाठी कऱ्हाडहून माहेरी आणायचं होतं. सातवा लागला होता.

मी यादी पुन्हा पाहिली. चौदा नावं. मी ती वॉर्डाप्रमाणे मांडली होती: तीन नंबरात चार, चारात पाच, सातात तीन, आठात दोन. अशी मांडली की कुठंच काही दिसत नव्हतं. उन्हाळ्यात थोडी कावीळ असतेच, असं म्हणून मी खाली सही करणार होते.

"पण ही चार वेगवेगळ्या वॉर्डांतली आहेत अण्णा."

"वॉर्ड मतासाठी वो बाई. पाणी काय वॉर्ड बघून जातंय व्हय?"

मी अर्ज तसाच बाजूला ठेवला आणि यादी घेऊन खाली दवाखान्यात गेले. अण्णाही मागोमाग आले. डॉक्टर सय्यदबाई पेशंट तपासत होत्या. मी सांगितलं तेवढं त्यांनी ऐकून घेतलं.

"मला पाण्याचाच संशय होता. पानसेसाहेबांना दोनदा लिहून दिलंय मी," त्या म्हणाल्या. "पण कुठलं पाणी, ते मला कळत नव्हतं. त्या लाइनीवर पोटुशा बायका किती आहेत, हे आधी शोधा."

"का?"

"बाकीचे पडून राहतात, महिन्याभरात बरे होतात. शेवटच्या महिन्यांत ही कावीळ झाली तर पाचातली एक बाई हातची जाते. आपण बघत बसायचं फक्त."

मी वळून पाहिलं. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. त्यांचं स्वतःचं घर तिसऱ्या चावीवरच होतं.

पानसेसाहेब आमचे पाणीपुरवठा अभियंता. माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी असल्याच एका संशयावरून गावचं पाणी तीन दिवस बंद ठेवलं होतं. अहवाल आला तर पाणी स्वच्छ. बायकांनी पालिकेच्या दारात घागरी फोडल्या आणि साहेब सात महिने घरी बसले, सस्पेंड होऊन. तेव्हापासून ते कागदाशिवाय हलत नसत.

अण्णांना घेऊन मी तशीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी यादी बघितली. मग कपाटातून माझाच क्लोरीनचा तक्ता काढून माझ्यापुढे ठेवला.

"देवकुळेबाई, हा तक्ता कुणाचा?"

"माझा."

"तिसऱ्या चावीसमोर काय लिहिलंय? वाचा मोठ्यानं."

"शून्य पूर्णांक दोन."

"रोज?"

"रोज."

"सहा महिन्यांत एक रकाना कोरा नाही. मीटिंगमध्ये मी तुमचं कौतुक केलंय त्याबद्दल. क्लोरीन नियमाप्रमाणे आहे, मग पाण्यात जंतू कुठून आले? आकाशातून?"

मी अण्णांकडे पाहिलं. तिसऱ्या चावीचं रीडिंग रोज तेच घेत. ते खाली फरशीकडे बघत होते. टोपी अजून हातातच होती. मला काय ते तिथंच कळलं, आणि मी तक्ता घडी घालून साहेबांना परत दिला.

"नमुना उद्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवतो," साहेब म्हणाले. "अहवाल यायला दहा दिवस लागतील. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. गावात अफवा उठली तर जबाबदार तुम्ही दोघं. लेखी देऊ का?"

"नको साहेब," मी म्हटलं.

बाहेर जिन्यात मी अण्णांना गाठलं.

"अण्णा, क्लोरीन तपासायचं औषध कधी संपलं?"

"पाडव्याच्या आधीच."

"म्हणजे दोन महिने! मग आकडे कुठून आणलेत?"

"आधी यायचा तसाच लिवला. शून्य दोन. मागणी दिली हुती बाई, तीन डाव दिली. बाटली काय आली न्हाई."

"अहो, मग रकाना कोरा ठेवायचा!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून ते डोळे दिसतात. रागाचे नव्हते, नुसते नवल वाटल्यासारखे.

"बाई, कोरा ठिवला म्हनून तुम्हीच मेमो दिला हुता न्हवं? पयल्या आठवड्यात. मग मागचे रकाने बी भरून दिले."

दिला होता. कोऱ्या रकान्याला मेमो, हा माझाच नियम. जिल्ह्यात माझे तक्ते भरलेले जावेत म्हणून मी तो लावला होता, आणि सगळ्या खात्यांनी तो निमूटपणे पाळला होता. औषध नसलं तरी आकडा यायचा.

"आता वर जाऊन सांगू का साहेबांस्नी? खोटं लिवलं म्हनून?" अण्णांनी विचारलं. "सांगतो मी. पर पेन्शन जाईल बगा."

मी म्हणाले, "नको. अहवाल येतोच आहे. दहा दिवसांचा प्रश्न आहे."

असं म्हणायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. त्यांची पेन्शन वाचवतेय असं मी स्वतःला सांगितलं. माझं काचेखालचं पत्रही वाचत होतं, ते नाही सांगितलं.

अण्णा जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले.

"मग शालीला आणू का नको? तुम्हीच सांगा. रविवारी येतो म्हनून सांगावा धाडलाय. न्हाई आनली तर तिची सासू म्हनंल, बापाला पोरगी जड झाली. खरं कारन सांगायची सोय न्हाई."

"आणा," मी म्हटलं. "फक्त पाणी उकळून द्या. उकळी फुटल्यावर वीस मिनिटं. दुसरं पाणी तिच्या तोंडाला लागू देऊ नका."

"वीस मिन्टं," अण्णा पाठ केल्यासारखे म्हणाले.

पुढं बऱ्याच वर्षांनी आम्हाला पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. एका तरुण व्याख्यात्यानं फळ्यावर त्रिकोण काढला. तळाला डेटा, त्यावर माहिती, त्यावर ज्ञान आणि अगदी टोकाला शहाणपण. म्हणाला, संस्था तळाशीच अडकून पडतात, वर कुणी चढत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तो त्रिकोण वहीत पट्टीनं आखून घेतला, अगदी नीट. मग वही मिटून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. त्या जिन्यात आम्ही दोघं उभे होतो तेव्हा तळाची पायरी खोटी असूनही आम्ही वर चढलो होतो. कुठल्या नळाचं पाणी, कुठला आजार, कुणाच्या जिवावर बेतणार, सगळं आम्हाला माहीत होतं. एवढं सगळं माहीत असून मी काय केलं, ते आता सांगते.

शालन रविवारी आली. सोमवारी अण्णा तिला घेऊन दवाखान्यात नाव घालायला आले, तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. सावळी, हसरी, बापासारखी उंच. मला म्हणाली, "तुम्हीच का त्या बाई? बाबा घरी तुमचंच कौतुक सांगत्यात. म्हनं, सगळ्या ऑफिसात एकट्या त्यांनाच समदं ठाऊक असतंय." मी खूश झाले. खोटं कशाला बोलू?

तिच्या घरी चुलीवर दिवसभर पातेलं असायचं. हौसाबाईंना, तिच्या आईला, अण्णांनी एवढंच सांगितलं होतं की डॉक्टरांनी उकळून प्यायला सांगितलंय. उकळायचं काम मात्र अण्णांनी स्वतःकडे घेतलं होतं, बायकोवरही सोडलं नव्हतं.

पण माहेरी आलेल्या पोटुशा मुलीला कोण घरात बसू देतं? शेजारणी हौसेनं जेवायला बोलावतात, ओटी भरतात. त्या आठवड्यात बोलावणं आलं ते तुपेवहिनींचं. तुपे नगरसेवक होते आणि पाणीपुरवठा समितीचे सभापतीही. घर तिसऱ्या चावीवर. शनिवारी दुपारी डोहाळजेवण ठरलं. अहवाल सोमवारी येणार होता, मध्ये फक्त रविवार.

शुक्रवारी अण्णा ऑफिसात आले.

"बाई, तुम्हाला बी बोलावनं हाय न्हवं? जरा ध्यान ठिवा पोरीकडं. बापयाला तितं जाता येत न्हाई. हौसा आत चुलीपाशी असनार. ती भोळी हाय, तिला काय कळायचं न्हाई. घरचं पानी तांब्यात भरून देतो मी संगं. तेवढंच पिऊ द्या."

"मी आहे ना अण्णा. काळजी करू नका."

"तुम्ही हाय म्हनूनच धाडतोय," ते म्हणाले.

तुपेवहिनींच्या माडीवर वीसेक बायका होत्या. झोपाळा फुलांनी सजवला होता. शालनला हिरवं लुगडं, केसांत मोगरा, हातात धनुष्यबाण देऊन फोटोसुद्धा काढला. बायका गाणी म्हणत होत्या, पेढा की बर्फी ओळखायला लावत होत्या आणि हसून हसून बेजार झाल्या होत्या. मे महिना, पत्र्याखाली जीव नुसता उकडून निघत होता. शालननं झोपाळ्याखाली ठेवलेला तांब्या उचलून दोन घोट घेतले.

ते नेमकं तुपेवहिनींनी पाहिलं.

"अगं बाई! घरून पाणी आणलंयस? आमच्या घरचं पाणी काय कडू लागतं तुला?"

सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, "सासर कऱ्हाडचं ना, आता आपलं गावचं पाणी कसं रुचेल!" शालन लाजली. आतून पन्ह्याचे पेले आले, बर्फ घातलेले, बाहेरून दंव सुटलेले. तुपेवहिनींनी एक पेला उचलून स्वतः तिच्या हातात दिला.

"पोटातलं मागतंय गं ते आंबट. नाही म्हणायचं नसतं आजच्या दिवशी."

शालननं पेला हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. तिला बापानं सांगून ठेवलं असणार. सगळ्यांदेखत तिनं विचारलं, "बाई, घेऊ का?"

वीस चेहरे माझ्याकडे वळले. तुपेवहिनींचाही वळला. नको म्हटलं असतं तर लगेच, का नको? मग पाण्याचं आलं असतं, मग पानसेसाहेब, मग माझा तक्ता आणि अण्णांचे आकडे. कैरी उकडलेलीच असते, एवढं मी मनाला समजावलं. पाणी उकळलेलं नसतं आणि बर्फही उकळलेल्या पाण्याचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"घे की," मी हसून म्हणाले. "एका पेल्यानं काय होतंय?"

तिनं एका दमात संपवलं. तहानलेलीच होती बिचारी. माझ्या हातातला पेला मी कुणाचं लक्ष नाही असं बघून तुळशीच्या कुंडीमागं ठेवून दिला.

हो, मी माझा प्याले नाही.

सोमवारी अहवाल आला. तिसऱ्या चावीचं पाणी पिण्यास अयोग्य. दुपारपर्यंत रिक्षा फिरवून पाणी उकळण्याची दवंडी दिली, मंगळवारी रस्ता खणला. पाइप गटाराखालून गेला होता आणि जोडावर कुजला होता. नेमकं कुठं खणायचं ते अण्णांनीच दाखवलं, टिकाव घेऊन तेच आधी उतरले. गाव म्हणालं, पालिकेनं तत्परता दाखवली. पेपरात पानसेसाहेबांचा फोटो आला. तपासणीच्या औषधाच्या सहा बाटल्या एकदम आल्या.

पाच आठवडे काही झालं नाही. मी रोज दिवस मोजत होते. पाच आठवडे गेले तेव्हा मी मारुतीला नारळ फोडून आले, वाटलं सुटलो.

पुढच्या बुधवारी शालनला ताप आला. शुक्रवारी डोळे पिवळे झाले. सय्यदबाईंनी तिला त्याच तासाला जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं, पण रविवारी ती बेशुद्ध पडली. आधी पोटातलं बाळ गेलं, मग सोमवारी सकाळी ती गेली. बाळ मुलगी होती असं म्हणाले.

मी मयतीला गेले. हौसाबाई ओरडत नव्हत्या, नुसत्या एका जागी बसून मुलीच्या पायांवरून हात फिरवत होत्या. मी तिथं जाऊन बसले खरी, पण कुणाचंही सांत्वन माझ्याच्यानं झालं नाही. मला रडू आलं आणि बायकांनी मलाच धीर दिला.

तेराव्यानंतर अण्णा ऑफिसात आले. दाढी वाढलेली, अंगावर खाकी शर्ट. माझ्यासमोर खुर्ची होती, पण ते कधी बसत नसत. त्या दिवशी बसले.

"बाई, एक इचारायचं हुतं. खरं खरं सांगा."

"विचारा ना अण्णा."

"तुपेवैनीकडं शालीनं त्यांचं काय पानीबिनी घेतलं का? त्यास्नी इचारलं, त्या म्हनत्यात आठवत न्हाई. दुसऱ्या बायका बी आठवत न्हाई म्हनत्यात. तुमचं समदं ध्यानात ऱ्हातं. म्हनून आलो."

पलीकडे टाइपरायटर वाजत होता. माझ्यापुढे जूनचा तक्ता होता, अर्धा भरलेला. मी त्याच्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले.

"तांब्यातलंच प्याली?"

"हो अण्णा. तांब्यातलंच."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवतच राहिले.

"मग आमच्या घरातलंच लागलं. हौसा तेच म्हनती. म्हनती तुम्ही घाईनं पातेलं उतरवलं असंल. वीस मिन्टं म्हनला हुता तुम्ही. आमच्यात घड्याळ न्हाई बाई. मी आपला अदमासानं उतरवायचो."

"अण्णा, तसं काही नसतं..."

"न्हाई, माझंच चुकलं. अदमासच चुकला असनार." ते उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले. "तुम्ही सांगितलं ते बरं झालं. उगाच लोकांवर आळ घेत बसलो असतो."

त्या दिवशी मी त्यांच्या मागं धावत जायला हवं होतं. जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. ते खाली उतरत होते, एकेक पायरी, कठडा धरून. मी वरूनच परत फिरले. तो तक्ता संध्याकाळपर्यंत पुरा केला.

अण्णांना पेन्शन मिळाली. माझी बदली झाली, बढती झाली, पुन्हा बदली झाली. नऊ वर्षांनी ते वारल्याचं कळलं तेव्हा मी एस.टी.नं गेले. हौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

"देवकुळेबाई न्हवं? या की. तुमची लई आठवन काढायचे."

मी त्यांच्या शेजारी बसले. येतानाच्या तीन तासांत मी एकच वाक्य घोकलं होतं. हौसाबाई, पेला मी प्यायला लावला. एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा, पण आधी त्याच बोलल्या.

"तुम्ही त्येंला खरं सांगितलं म्हनून तरी कळलं. न्हाईतर मी त्या तुपेबाईला जन्मभर शिव्या घालत बसले असते." त्या अंगणाकडे बघत होत्या. "नऊ वर्सं एका घरात ऱ्हायलो बाई. मी त्या मानसाच्या हातचं पानी प्याले न्हाई. शेवटाला त्येंनी एकदा पेला फुडं केला, तवा बी मी तोंड फिरवलं."

"च्या ठेवते," हौसाबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

मी चहा घेतला आणि चारच्या गाडीनं परत आले.